अग्नीतून उमललेली फुले

लिहावयास बसलेल्या माणसाला फार थोड्या वस्तू लागतात. कागद, लेखणी, शाई आणि हात टेकावयास एक मेज, एवढे असले म्हणजे त्याचे काम भागते. परंतु मनुष्य नुसते काम भागण्यावर कधीच संतुष्ट राहिलेला नाही. ज्या वस्तू रोज हाताशी असतात, त्या डोळ्यांनाही सुखवाव्यात, असे त्याला फार पूर्वीपासून वाटत आले आहे.

जपान देशात सुंदर अक्षर ही एक थोर कला मानली जाते. त्यामुळे लेखनाच्या साहित्यालाही तेथे मोठा मान आहे. जुन्या रीतीप्रमाणे तेथे शाई दौतीत भरलेली नसे. आपल्याकडे चंदन उगाळतात, त्याप्रमाणे शाईची कांडी दगडी सहाणेवर पाण्यात उगाळावी लागे आणि मग कुंचल्याने लिहावे लागे. साहजिकच सहाणेवर थेंब थेंब पाणी सोडणारी चिमुकली झारी, ओला कुंचला टेकविण्याची बैठक, लहानसहान जिनसा ठेवण्याच्या डब्या आणि तबके अशा कितीतरी वस्तू लिहिणाराच्या भोवती मांडलेल्या असत. या वस्तू घडविताना जपानी कारागिरांनी आपले सारे कौशल्य ओतले. त्यांपैकी एका कारागिरीची ही हकीकत आहे. ही कारागिरी म्हणजे अग्नीच्या साहाय्याने तांब्यावर काचेची फुले फुलविण्याची कला होय.

या कलेतील एखादी उत्तम डबी तळहातावर घेऊन पाहावी. तिचा पृष्ठभाग अमावास्येच्या रात्रीसारखा काळाभोर असून आरशासारखा चकाकत असतो. त्या काळोखावर एक फुलपाखरू पंख पसरून तरंगत असते. त्याच्या पंखांवर निळा, पिवळा, तांबूस असे रंगांचे लहान लहान कप्पे असतात आणि दोन कप्प्यांच्या मधून केसासारखी बारीक चांदीची रेषा गेलेली असते. बोट फिरविले तर रेषा कोठे संपली व रंग कोठे सुरू झाला, हे स्पर्शाला मुळीच कळत नाही. हे चित्र कुंचल्याने रंगविलेले नसते. ते भट्टीतून पुन्हा पुन्हा तावूनसुलाखून बाहेर पडलेले असते.

अशा कामात जो रंग वापरतात, त्याला मीना असे म्हणतात. मीना म्हणजे वस्तुतः रंगीत काच होय. वाळू व काही क्षार एकत्र वितळवून काच तयार करतात. तिच्यात निरनिराळ्या धातूंची भस्मे मिसळली म्हणजे तिला निरनिराळे रंग येतात. कोबाल्ट या धातूमुळे गडद निळा रंग येतो, तांब्यामुळे हिरवा किंवा मोरपिशी येतो, मँगनीजमुळे जांभळा येतो आणि सोन्याच्या अगदी अल्प अंशामुळे माणकासारखा लाल रंग येतो. कथिलाचे भस्म घातले तर काच दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते. या काचेची पूड धातूवर पसरून ती भट्टीत वितळविली म्हणजे ती धातूला घट्ट चिकटून बसते. पुष्कळ घरांतून पांढरे शुभ्र, निळ्या काठाचे लोखंडी पेले आणि ताटल्या असतात. त्यांवरील गुळगुळीत थर याच जातीचा असतो. असा पेला हातातून पडला की त्याचा टवका उडतो आणि आतील काळे लोखंड दिसू लागते. तो टवका म्हणजे काचेचाच तुकडा होय.

भारतातही मीनाकाम फार जुने आहे. जयपूरचे मीनाकाम तर जगप्रसिद्ध आहे. तेथील कारागीर सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर खोलगट नक्षी कोरतात आणि त्या खळग्यांत मीना भरतात. जपानी कारागिरांची प्रमुख रीत याहून निराळी आहे. ते धातूवर खळगे कोरीत नाहीत, तर धातूच्या पृष्ठभागावर बारीक तारेच्या भिंती उभ्या करतात आणि त्या भिंतींच्या मधल्या घरांत मीना भरतात. या कामाला जपानी भाषेत 'शिप्पो' असे म्हणतात. या शब्दाचा अर्थ सप्तरत्ने असा आहे. सोने, चांदी, स्फटिक इत्यादी सात रत्नांचा उल्लेख बौद्ध ग्रंथांत येतो. त्या रत्नांचे सारे तेज एका वस्तूत एकवटले आहे, असे वाटल्यावरून हे नाव पडले. भारतात उदय पावलेल्या धर्मातील एक कल्पना अशा रीतीने दूरच्या देशातील एका कलेला नाव देऊन गेली.

जपानमध्ये मीनाकाम पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ते तलवारीच्या साजावर, दारांच्या मुठींवर किंवा पाण्याच्या लहानशा झारीवर थोडेसे दिसे. त्याचे ज्ञान मोजक्या घराण्यांपुरते असे आणि ते गुप्त राखले जाई. त्यामुळे एखाद्या संपूर्ण भांड्यावर मीना कसा चढवावा, हे सामान्य कारागिराला शिकण्याची सोयच नव्हती. ही कोंडी काजी त्सुनेकिची या माणसाने फोडली.

काजीचा जन्म १८०३ साली, आजच्या नागोया शहराच्या परिसरात, एका सामुराई कुटुंबात झाला. सामुराई म्हणजे जपानमधील क्षत्रिय. त्यांना सरदाराकडून तनखा मिळत असे. परंतु लढाया संपून दोनशे वर्षे लोटली होती आणि लहान सामुराईंचा तनखा संसाराला पुरत नसे. पोटासाठी काहीतरी जोडधंदा करणे काजीला भाग होते. १८३० नंतरच्या दशकात त्याच्या हाती परदेशी बनावटीचे मीनाकामाचे एक भांडे आले. त्या काळी जपानने परदेशांशी व्यवहार जवळजवळ बंद ठेवला होता. चिनी आणि डच व्यापारी तेवढे नागासाकी बंदरात येऊ शकत. तेव्हा अशी वस्तू मिळणे हा दुर्मीळ योग होता. दुसऱ्या एखाद्याने ती जपून ठेवली असती किंवा चांगल्या किमतीला विकली असती. काजीने ती फोडली.

ही कृती अविचाराची नव्हती. वस्तू वरून कितीही न्याहाळली तरी ती कशी घडली, हे कळत नव्हते. काच कशावर बसली आहे, तारा कशा उभ्या राहिल्या आहेत, थर किती जाड आहे, हे आत पाहिल्याशिवाय समजणार नव्हते. काजीने तिचे भाग वेगळे करून एकेक गोष्ट तपासली असे सांगतात. त्यानंतर त्याने स्वतः प्रयोग सुरू केले. अनेक खटपटींनंतर एक लहानशी बशी त्याच्या मनासारखी उतरली. त्या एका बशीतून पुढे शेकडो कारागिरांचा व्यवसाय उभा राहिला. काजीची कीर्ती पसरली आणि १८५० नंतर त्या प्रांताच्या अधिपतीने त्याला आपला मीनाकार नेमले. पुढे ही विद्या तोशिमा गावच्या हायाशी शोगोरो याच्यापर्यंत पोहोचली आणि त्याच्यापासून आसपासच्या अनेकांनी ती घेतली. ज्या माणसाला कोणी गुरू मिळाला नाही, तो अशा प्रकारे एका कलेचा आद्य गुरू ठरला.

ही वस्तू कशी तयार होते, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. प्रथम तांब्याचा पत्रा ठोकून, मठारून त्याला डबीचा किंवा तबकाचा आकार देतात. ठोकता ठोकता तांबे कडक होते. म्हणून त्याला मधून मधून तापवून मऊ करावे लागते. आकार सिद्ध झाल्यावर त्यावर शाईने चित्र रेखाटतात. नंतर तारेचे काम सुरू होते. ही तार गोल नसते. ती चांदीची, सोन्याची किंवा पितळेची एक चिंचोळी पट्टी असते आणि ती कडेवर उभी केलेली असते. बारीक चिमट्याने तिला वाकवीत, वळवीत कारागीर चित्रातील प्रत्येक रेषेवर नेमकी बसवितो. ती जागेवर राहावी म्हणून ऑर्किडच्या जातीच्या एका वनस्पतीच्या कंदापासून केलेली खळ लावतात. मग डाखाची पूड भुरभुरवून वस्तू तापवितात, म्हणजे तारा तांब्याला पक्क्या जोडल्या जातात. एका लहानशा फुलपाखरासाठीदेखील अशा तारेचे कितीतरी तुकडे लागतात आणि एक तुकडा जरी तिरपा बसला तरी पंख मोडल्यासारखा दिसतो.

तार ही या कामातील गरज आहे. तिच्यावाचून शेजारशेजारचे रंग वितळल्यावर एकमेकांत मिसळून जातील. परंतु चित्रात सगळीकडे तारा दिसणे, ही एका अर्थी अडचणच होय. जपानी कारागिरांनी या अडचणीवर जो उपाय शोधला, तो त्यांनी निसर्गाकडून घेतला. झाडाचे पान उजेडात धरले तर त्यात शिरांचे जाळे दिसते आणि दोन शिरांच्या मध्ये हिरवा रंग भरलेला दिसतो. फुलपाखराच्या पंखातही तशाच शिरा असतात आणि त्यांच्या मधल्या घरांत रंग असतात. पक्ष्याच्या पिसाला मधली दांडी असते. फुलाच्या प्रत्येक पाकळीला कड असते. म्हणजे जे काम कारागीर तारेने करतो, तेच निसर्गाने शिरांनी आणि कडांनी केलेले आहे. म्हणून पान, फूल, पक्षी आणि फुलपाखरू हे विषय या कलेला अतिशय शोभले. तेथे तार ही तार राहत नाही, ती पानाची शीर होते. जी अडचण होती, तीच शोभा झाली.

तारांचे काम झाल्यावर मीना भरतात. रंगीत काच खलात कुटून तिची बारीक पूड करतात, ती पाण्याने धुतात आणि ओल्या वाळूसारखी झालेली ती पूड लहान कुंचल्याने अथवा बांबूच्या टोकाने एकेका घरात ठेवतात. येथे कारागिराची दृष्टी आणि स्मरणशक्ती यांची कसोटी लागते. कारण पुडीचा रंग आणि भट्टीतून निघाल्यावर दिसणारा रंग हे पुष्कळदा सारखे नसतात. पुडीत जो रंग फिकट, राखाडी दिसतो, तोच वितळल्यावर गर्द निळा होऊ शकतो. म्हणून चित्रकार जसा समोरचा रंग पाहून चित्र काढतो, तसे मीनाकाराला करता येत नाही. त्याला पुढे येणारा रंग मनात पाहून काम करावे लागते.

मीना भरलेली वस्तू प्रथम पूर्ण वाळवितात. तिच्यात थोडा ओलावा राहिला तर भट्टीत त्याची वाफ होऊन पूड उडून जाते. मग ती तापलेल्या भट्टीत ठेवतात. तेथील उष्णता साधारणपणे सातशे ते आठशे अंश सेल्सिअस असते. चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते आणि तांबे सुमारे १०८५ अंशांना वितळते. म्हणजे काच वितळावी, परंतु चांदीची तार मात्र शाबूत राहावी, एवढेच अंतर कारागिराच्या हाती असते. पूर्वी भट्ट्या कोळशाच्या असत आणि उष्णता मोजण्याचे साधन नसे. भट्टीतील तांबूस, नारिंगी उजेडाच्या छटेवरून उष्णतेचा अदमास घ्यावा लागे. क्षणभर लवकर काढली तर काच खडबडीत राही आणि क्षणभर उशीर झाला तर रंग जळे किंवा तारा ढासळत.

पहिल्याच खेपेला काम पुरे होत नाही. पुडीच्या कणांमधील पोकळी वितळताना नाहीशी होते आणि काच तारेच्या काठापेक्षा खाली बसते. म्हणून पुन्हा पूड भरावी लागते आणि वस्तू पुन्हा भट्टीत घालावी लागते. काच तारेच्या उंचीपर्यंत येईतोवर हे चालू राहते. प्रत्येक खेपेला आधीचे सारे श्रम पणाला लागतात. त्यातच आणखी एक धोका असतो. तापल्यावर तांबे आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि थंड होताना त्या सारख्या प्रमाणात आकुंचनही पावत नाहीत. या ओढाताणीत पत्रा वाकतो किंवा काचेला तडा जातो. त्यावर युक्ती अशी की, वस्तूच्या आतल्या बाजूलाही मीन्याचा थर देतात. मग दोन्ही बाजूंचा ताण सारखा होऊन वस्तू सावरली जाते. वरून न दिसणारा हा थरच वरच्या सुंदर थराला सांभाळतो.

शेवटचे काम घासण्याचे. भट्टीतून निघालेली वस्तू उंचसखल आणि निस्तेज असते. ती आधी खरखरीत दगडाने, मग बारीक दगडाने आणि अखेरीस मऊ लाकडाच्या कोळशाने, पाण्याचा शिडकावा देत देत घासतात. घासताना काचेत अडकलेला एखादा बुडबुडा उघडा पडतो आणि तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसू लागते. ते छिद्र भरून वस्तू पुन्हा भट्टीत घालावी लागते. चांगल्या वस्तूच्या घासाईला आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही लागतात. शेवटी तार आणि काच एका पातळीत येतात आणि काळ्या काचेत पाहणाऱ्याचा चेहरा दिसू लागतो.

ही कला ज्याने अत्युच्च शिखरावर नेली, तो नामिकावा यासुयुकी हा क्योटो शहराचा रहिवासी होता. त्याचा जन्म १८४५ साली झाला. तोही सामुराई होता आणि राजघराण्यातील एका राजपुत्राच्या पदरी होता. १८६८ साली जपानमध्ये मोठे राज्यपरिवर्तन झाले आणि थोड्याच वर्षांत सामुराईंचे जुने स्थान संपुष्टात आले. तलवार बाळगणाऱ्या हातांना नवे काम शोधणे प्राप्त झाले. नामिकावाने मीनाकामाचा चिमटा हाती घेतला.

त्या वेळच्या मीन्यात एक मोठा दोष होता. रंग मंद आणि धुरकट असत. शिवाय मोकळ्या, विस्तीर्ण जागेवर काच नीट टिकत नसे. म्हणून चित्राच्या मागच्या भागातही तारांची वेलबुट्टी भरावी लागे आणि मुख्य फूल त्या गर्दीत हरवून जाई. १८७८ साली गोटफ्रीड वॅगेनर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्योटोला आला. त्याने काचेच्या मिश्रणांचा अभ्यास करून अधिक तेजस्वी आणि अधिक टिकाऊ मीने तयार करण्यास साहाय्य केले. शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि कारागिराचा हात यांचा हा संगम फलदायी ठरला. आता मोकळ्या जागेवरही काच अखंड बसू लागली. नामिकावाने त्याचा उपयोग करून जो नितळ काळा रंग सिद्ध केला, तो त्याच्या कामाची खूण बनला. त्या मोकळ्या काळ्या अवकाशात एकच फांदी, दोनच चिमण्या किंवा एकच फुलपाखरू तो ठेवी आणि बाकीची जागा रिकामी सोडी. त्या रिकामेपणामुळेच पाहणाऱ्याची नजर त्या लहानग्या जिवावर खिळून राही.

नामिकावाच्या वस्तू आकाराने बहुधा लहान असत. मेजावर सहज मावतील अशा डब्या, धूपपात्रे आणि काही बोटे उंचीच्या फुलदाण्या यांतच त्याने आपली प्रतिभा खर्च केली. युरोप-अमेरिकेतून त्याच्या वस्तूंना मोठी मागणी असे. कामगार वाढवून, काम उरकून त्याला भरपूर पैसा मिळविता आला असता. परंतु त्याने कार्यशाळा लहानच ठेवली आणि वस्तू थोड्याच केल्या. नाकाहारा तेस्सेन हा गुणी चित्रकार त्याच्यासाठी चित्रे रेखाटीत असे. कार्यशाळेलगत त्याने एक सुंदर बाग केली. ओगावा जिहेई हा प्रसिद्ध उद्यानकार त्याचा शेजारी होता. त्याने १८९४ च्या सुमारास ती बाग रचली. बिवा सरोवरातून कालव्याने शहरात आणलेले पाणी त्या बागेतील तळ्यात खेळते. कामावरून मान वर केली की कारागिराला समोर पाणी, झाडे आणि मासे दिसत. जे घडवावयाचे, ते डोळ्यांसमोर असे.

रुडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला होता. तो १८८९ साली भारतातून निघून जपानमार्गे प्रवास करीत असताना क्योटोतील नामिकावाच्या कार्यशाळेत गेला होता. तेथील शांतता आणि कारागिरांची चिकाटी यांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासपत्रांत केले आहे. ही पत्रे त्या वेळी अलाहाबादच्या वृत्तपत्रात छापली गेली. त्यामुळे या कलेची वार्ता भारतातील वाचकांपर्यंतही पोहोचली.

याच काळात टोकियो शहरात नामिकावा सोसुके नावाचा दुसरा थोर मीनाकार होता. त्याचा काळ १८४७ ते १९१०. दोघांचे आडनाव उच्चारात सारखे असले तरी जपानी लिपीत ते निराळे लिहितात आणि दोघांचे काही नाते नव्हते. दोघांचे मार्गही निराळे होते. सोसुकेला तारेचे बंधन नको होते. तो प्रथम तारा लावून रंग भरी आणि वितळविण्यापूर्वी त्या तारा हळूच काढून घेई. मग रंगांच्या कडा एकमेकींत मिसळून जलरंगाच्या चित्रासारखा मऊपणा येई. टोकियोतील आकासाका राजवाड्याचे काम १९०९ साली पूर्ण झाले. तेथील भोजनगृहाच्या भिंतींवर सोसुकेने घडविलेली फुलापक्ष्यांची तीस चित्रे आजही आहेत. यासुयुकीने मात्र तार सोडली नाही. त्याने तिलाच अधिक सजीव केले. कोठे जाड, कोठे बारीक अशी तार वापरून त्याने तिच्याकडून कुंचल्याच्या फटकाऱ्याचे काम करून घेतले. एकाने बंधन काढून टाकले, दुसऱ्याने बंधनालाच वळण दिले. आणि दोघेही थोर ठरले. १८९६ साली दोघांनाही जपानच्या सम्राटाचे राजमान्य कलावंत म्हणून नेमण्यात आले.

परंतु उत्तम वस्तूची कीर्ती झाली की तिच्या घाईघाईने केलेल्या नकलाही बाजारात येतात. परदेशांतील मागणी भागविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी स्वस्त, कच्चे काम होऊ लागले. तारा जाड झाल्या, घासाई कमी झाली, फुलांचे ठसे तेच तेच पडू लागले. असल्या मालामुळे चांगल्या कामाचीही पत घसरली. विसाव्या शतकात अभिरुची बदलली, युद्धे झाली आणि मीनाकारांची संख्या रोडावत गेली. यासुयुकी १९२७ साली मरण पावला.

तरीही ही विद्या नष्ट झाली नाही. काजीच्या प्रांतातील मीनाकामाला १९९५ साली जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. ज्या परिसरात ही कला वाढली, तेथील एका गावाचे नावच शिप्पो असे होते. २०१० साली ते गाव आमा या शहरात समाविष्ट झाले. तेथे ही कला पाहण्याची आणि शिकण्याची सोय केलेली आहे. क्योटोमधील नामिकावाचे घर आता संग्रहालय झाले आहे. त्याच्या डब्या आणि फुलदाण्या तेथे काचेच्या कपाटांत ठेवलेल्या आहेत.

बागेतील फूल सकाळी उमलते आणि दोन दिवसांत सुकते. त्याचे सौंदर्य टिकविण्याची धडपड अनेक कलावंतांनी केली. मीनाकाराने ते अग्नीच्या स्वाधीन करून टिकविले. जो अग्नी फुलाला क्षणात जाळतो, त्याच अग्नीतून त्याने फूल बाहेर काढले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डबीवरील निळा रंग आजही तितकाच निळा आहे. तो फिका पडत नाही, त्याला कीड लागत नाही. मात्र त्या रंगामागे एका गरीब सामुराईने फोडलेले मौल्यवान भांडे आहे, भट्टीसमोर जागविलेल्या रात्री आहेत, आणि पानावरच्या शिरा न कंटाळता न्याहाळणारे डोळे आहेत.

स्वाध्याय

१. काजी त्सुनेकिचीने मौल्यवान भांडे का फोडले? त्याचा परिणाम काय झाला?
२. जयपूरचे मीनाकाम आणि जपानी शिप्पो यांतील फरक सांगा.
३. मीनाकारास 'पुढे येणारा रंग मनात पाहून' काम का करावे लागते?
४. वस्तूच्या आतल्या बाजूला मीन्याचा थर कशासाठी देतात?
५. 'जी अडचण होती, तीच शोभा झाली', हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तावूनसुलाखून, पणाला लागणे, अदमास घेणे, पत घसरणे.
७. झाडाचे एक पान उजेडात धरून त्यातील शिरांचे चित्र काढा. तारेने ते करावयाचे झाल्यास तारेचे किती तुकडे लागतील, ते मोजा.